झिलीचा ओडियाचा तास

— नाय ओ बाई, आजारी कशाला पडेल ती! तुमची झिली ठणठणीत हाय. शाळेत का येत नाय ते सांगते, आधी बोंबील घ्या. धरमतरचे हायत, ताजे. आणि असे दोन बोटांत नका धरू, तुमच्या साताऱ्याला मेथीची जुडी बघतात तसे — चावत नाय तो.

तर झिली. तीन वर्षांची होती तेव्हा आईबापाबरोबर ओडिशातनं आली, रामवाडीला माझ्या मागच्या खोलीत भाड्यानं. बाप धरमतरला जेट्टीवर, आई सबिता दिवसभर घरात, बोलायला कोण नाय. पहिल्याच दिवशी सबिता माझ्याकडं बोट करून पोरीला सांगते, "आई, आई!" मी बोलली, गो बाय, आई तू, मी कशी? मग कळलं, त्यांच्यात आईच्या आईला आई बोलतात. म्हणजे आल्या आल्या म्हातारी केली मला! — हसा, हसा.

पोर वाढली ती माझ्या ओट्यावर. मराठी बोलायची ती पण आमच्यासारखी, तुमच्या पुस्तकातली नाय. "बाई, मना नाय जमत" बोलली, तर तुम्ही तिच्याकडनं पानभर 'मला, मला' लिहून घेतलंत — व्हय ना? पण तिकडं गावाला तिची खरी आजी. तिचा फोन आला की हिला एक अक्षर कळेना. मुंडी हलवायची नि फोन माझ्या हातात द्यायची. मग मी नि ती म्हातारी — ती ओडियात, मी आगरीत — जेवलात का, जेवलात का! एकदा म्हातारी रडायलाच लागली. ते मात्र मला बरोबर कळलं.

मग तुम्ही जेट्टीवरच्या पोरांसाठी, तिथल्याच एका शिकलेल्या माणसाला बोलवून, शाळेत ओडियाचा तास काढलात, तेव्हा तिचा बाप नको बोलत होता — "बायजामावशी, इधर रहना है तो मराठी पढ़ेगी." त्याचंही खोटं नव्हतं. सुरुवातीला पोरीचा गोंधळच उडाला, मराठीच्या वहीत ती त्यांची गोल गोल अक्षरं, चाचणीत मार्क कमी पडले. पण बापाला पटवलं कोणी? मीच! बोलली, शिकू दे रे, आजीशी बोलेल.

आणि बोलली ना! रोज संध्याकाळी, गोष्टी काय, गाणी काय. मग एक दिवस तिकडचं पुस्तक म्हातारीनं फोनसमोर धरलं, हिनं घडाघडा वाचलं. झालं. म्हातारी बोलली, आता हिला आपलं येतंय, इकडच्या शाळेत घाला, मी सांभाळते. जेट्टीचं कामही कमी झालेलं. रविवारी गेली सगळी गावाला. दाखल्यासाठी बाप फोन करेल तुम्हाला.

नाय ओ, तुमच्यावर राग कशाला? चांगलंच केलंत. पोरीला आजी मिळाली. — कोणती काय विचारता, तिची!

काल फोन होता. नव्या शाळेत गुरुजींनी कायतरी विचारलं, हिच्या तोंडून मराठीच निघाली, सगळा वर्ग हसला. रडत होती. मी बोलली, रडतेस काय गो, गुरुजींना सांग, एक तास मराठीचा काढा — आमच्या बाईंना विचारा कसा काढतात!

खोली? नाय, दिली नाय कोणाला. येतात माणसं बघायला. मी सांगते, छप्पर गळतं. — कुठं गळतंय बाई... आता हे तुम्ही कोणाला बोलू नका. आणि अशा माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहू नका. बोंबील पाणी सोडतील. निघा.