परत पाठवण्याचं कारण

(वाराणसी. मंगला गौरीजवळचं घर. सीताबाईंचं तेरावं काल झालं. दुपारी नीलकंठशास्त्री आणि त्यांची मुलगी देवश्री बोलत बसले आहेत.)

देवश्री : मुदत आज संपते, बाबा. आज नोंदवलं तरच ते परत घेतील.

नीलकंठ : संपू दे.

देवश्री : डबा फोडलासुद्धा नाही आपण. आईच्या कानाचं मशीन ठेवून काय करणार?

नीलकंठ : काही करायचंय असं कुठे म्हणतोय मी? राहू दे कोनाड्यात.

देवश्री : येता-जाता मला दिसतं ते.

नीलकंठ : मग कर परत.

देवश्री : ते कारण विचारतायत. यादीतलं एक निवडायचं. ‘वस्तू खराब निघाली.’ ‘चुकून मागवली.’ ‘उशिरा पोचली.’ ‘दुसरीकडे स्वस्त मिळाली.’

नीलकंठ : आणि जिच्यासाठी मागवली ती गेली, हे?

देवश्री : ते यादीत नाही.

नीलकंठ : मग उशिरा पोचली, असं लिही. खोटं नाही ते. ती नवरात्रातल्या पंचमीला गेली, हे सप्तमीला आलं.

देवश्री : थांबा जरा. इथे किंमत दिसतेय. एकवीस हजार चारशे नव्व्याण्णव.

नीलकंठ : अर्ध्यात मिळालं, म्हणाली होतीस.

देवश्री : हो. बेचाळीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णव, त्यावर काट मारलेली, शेजारी पन्नास टक्के सूट. बाबा, तुमचा फोन द्या. पितृपक्षाच्या प्रतिपदेला मी तुम्हाला याच मशीनचा फोटो पाठवला होता. किमतीसकट.

नीलकंठ : असेल. मी काही पुसत नाही. हा घे.

देवश्री : अठरा हजार नऊशे.

नीलकंठ : म्हणजे?

देवश्री : म्हणजे त्या दिवशी ते अठरा हजार नऊशेला मिळत होतं. काट नाही, सूट नाही, काही नाही. मी म्हटलं, घटस्थापनेला सेल लागेल, तोवर थांबू. मधल्या दिवसांत त्यांनी किंमत चढवली आणि चढवलेली अर्धी करून दाखवली. आपण चौदा दिवस थांबलो, बाबा. आणि जास्त पैसे दिले.

शरदिनी : (शेजारून येत) दार उघडंच होतं, म्हणून न विचारता आले हो. मऊ भात आणलाय, मेतकूट आहे वर. कोण कुठे थांबलं?

देवश्री : काही नाही, शरदिनीकाकू. आईचं मशीन सेलमध्ये महाग पडलं.

शरदिनी : अगं, त्या सेलचं नाव नको काढूस! मी मिक्सर घेतला. सात हजाराचा तीन हजारात. गल्लीभर सांगत सुटले. मग आमचा केयूर चौकात विचारून आला, तर दुकानदार म्हणतो, ‘आंटीजी से कहिए, ई त हमरे इहाँ अट्ठाइस सौ में मिलत हौ.’ आता चटणी वाटताना तोंड कडू होतं माझं. तरी मी शास्त्रीबुवांना तेव्हाच म्हटलं होतं, कबीरचौऱ्याच्या दुकानापर्यंत गेलात, तर हातासरशी घेऊनच का नाही आलात?

देवश्री : कुठल्या दुकानापर्यंत?

नीलकंठ : शरदिनी, भात आत ठेवता का?

शरदिनी : अगंबाई. हिला ठाऊक नाही होय? ठेवते. गार करू नका, दोघंही चार घास खा. येते मी.

देवश्री : बाबा?

नीलकंठ : तृतीयेला गेलो होतो. बावीस हजार म्हणाला. ‘पंडितजी, माताजी को ले आइए, आज ही लगा देंगे.’

देवश्री : पैसे नव्हते?

नीलकंठ : होते. धोतराच्या घडीत बांधून नेले होते.

देवश्री : मग?

नीलकंठ : पितृपक्ष होता. नवी वस्तू घरात कशी आणायची?

देवश्री : तुम्ही हे म्हणताय? यजमानांना तुम्हीच सांगता ना, औषधाला निषेध नाही?

नीलकंठ : चष्म्याला नाही, काठीला नाही. चाळीस वर्षं सांगतोय. मागच्या वर्षी पंचगंगा घाटावर एका बाईंनी विचारलं, नवऱ्याला चाकाची खुर्ची घ्यायची, पंधरवडा संपू देऊ का? मी म्हटलं, ‘माई, आज ही ले लीजिए. पितर कुछ नहीं कहेंगे.’

देवश्री : आणि आईच्या वेळी?

नीलकंठ : दुसऱ्याचे पितर असले की धीर असतो, देवू. आपल्या घरात तसं बोलवेना. तिची तब्येत ती तशी. म्हटलं, आपल्या हातून काही चुकायला नको. दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो आणि तुझा निरोप पुन्हा वाचला. सेलपर्यंत थांबा. बरं वाटलं मला.

देवश्री : बरं?

नीलकंठ : थांबायचं ठरवलंस तू. मी नुसतं तुझं ऐकलं. असं झालं ना.

देवश्री : त्या चौदा दिवसांत मी तीनदा फोन केला होता तिला.

नीलकंठ : हो. मी तिच्या कानाला लावून द्यायचो.

देवश्री : ती ‘जेवलीस का’ विचारायची आणि उत्तराच्या आतच ‘बरं बरं’ म्हणायची. तिसऱ्या वेळी मी सांगितलं, भोपाळची नोकरी सोडतेय, इथल्या कॉलेजात जागा मिळालीय, दिवाळीनंतर कायमची घरी येतेय. दोनदा सांगितलं. ती म्हणाली, ‘हो हो, थंडी पडेल आता, स्वेटर काढून ठेव.’

नीलकंठ : तू परत येतेयस?

देवश्री : आधी तिला सांगायचं होतं.

नीलकंठ : मी शेजारीच बसलो होतो. फोन ठेवल्यावर विचारलं तिला, ओरडून विचारलं, काय म्हणत होती पोर? तर म्हणाली, ‘काही विशेष नाही. मजेत आहे.’

देवश्री : मजेत, म्हणाली.

नीलकंठ : पाणी देऊ?

देवश्री : नको. बाबा, मी परत नाही पाठवत. तक्रार करते. ग्राहकांसाठी सरकारी पान आहे. दोन्ही किमतींचे फोटो आहेत आपल्याकडे.

नीलकंठ : त्यानं काय होईल?

देवश्री : ठाऊक नाही. बहुतेक काही नाही. पण आणखी कुणीतरी असंच थांबलं असेल ना, कसल्यातरी मशीनसाठी.

नीलकंठ : लिही मग. मशीन असू दे पुराव्याला.

देवश्री : वस्तू. मागवल्याची तारीख. आधीची किंमत, नंतरची किंमत. इथे विचारलंय, तुमचं किती नुकसान झालं?

नीलकंठ : दोन हजार पाचशे नव्व्याण्णव.

देवश्री : आणि चौदा दिवस?

नीलकंठ : ते नको लिहूस. ते त्यांनी नाही घेतले. आपण दिले.

देवश्री : मी दिले, बाबा.

नीलकंठ : तक्रारदाराचं नाव कुठे आहे?

देवश्री : खाली. ऑर्डर माझी आहे, तेव्हा माझंच लिहायचं.

नीलकंठ : दोन नावं मावतील का बघ.