मार्तंडरावांची चतुःसीमा

…कुणीच बोलत नाही. पाहिलंत?

पेटी थांबली, तबल्यावरचा हात उचलला गेला, आणि सभामंडपात ही एवढी शांतता उतरली! मी मुद्दाम थांबलो, मंडळी. मनात पंधरा मोजेपर्यंत थांबलो. तेवढ्यात मागच्या आजोबांनी घड्याळ पाहिलं, पुढच्या ताईंनी पदर सारखा केला, आणि खांबाशी बसलेल्या गृहस्थांना वाटलं — बुवा पुढचं विसरले! नाही हो, विसरलो नाही. ही शांतता मला तुमच्या ओंजळीत द्यायची होती. जड वाटली ना? आता कल्पना करा — अशाच शांततेला कुणीतरी उत्तर देतं आहे. प्रश्न विचारलेलाच नाही, तरी उत्तर येतं आहे. आणि तेही तुमच्याच लेकराच्या आवाजात!

ज्याला आपण जपतो, त्याच्याभोवती रेघ आखतो. आखावीच लागते, कोण नाही म्हणतो? पण मंडळी, सांगा मला — आपण आखलेल्या हद्दीच्या आत आपलं लेकरू सुखरूप असतं, की नुसतं हजर असतं?

उत्तराची घाई नको. ऐका.

एका तालुक्याच्या गावी मार्तंडराव बिडवे नावाचे गृहस्थ राहत. सरकारी भूकरमापक. म्हणजे काय? तर जमिनी मोजणारे! दोन भाऊ बांधावर एकमेकांच्या उरावर बसलेले असावेत, मार्तंडराव यावेत, साखळी टाकावी, दगड रोवावा, आणि म्हणावं, "पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस गट नंबर अमुक, उत्तरेस तमुक. ही चतुःसीमा. याच्या बाहेरचं तुमचं नाही." संपलं भांडण! तीस वर्षांत त्यांची एकही मोजणी फिरली नव्हती. माणसं खोटं बोलतील, साखळी बोलत नाही, असं ते म्हणत. घरात गिरिजाबाई, कुलदैवत खंडोबा, आणि एकुलती एक लेक — हेमांगी.

या हेमांगीला विद्यापीठात प्रवेश मिळाला. संख्याशास्त्राच्या पदवीला! दोनशे किलोमीटर लांब! प्रवेशाच्या आठवड्यात विद्यापीठानं पालकांना एक दिवस बोलावलं. मोठं सभागृह, चहा, बिस्किटं. व्यासपीठावरून एक बाई सांगत होत्या — इथं आरोग्य केंद्र आहे, प्रत्येक मुलामागे एक मार्गदर्शक शिक्षक आहे, समुपदेशन केंद्र आहे, मन जड झालं तर तिथं बोलायला माणूस आहे. मग म्हणाल्या, "काही प्रश्न?" आणि मंडळी, प्रश्न काय आले? अर्ध्या पालकांनी विचारलं, वसतिगृहाचं फाटक किती वाजता बंद होतं? उरलेल्या अर्ध्यांनी विचारलं, गरम पाणी मिळतं का? हसता काय! तुम्हीही हेच विचारलं असतं!

मार्तंडरावांनी मात्र एक पुस्तिका घरी आणली. 'पालकांसाठी माहिती.' ओळ न् ओळ वाचली. हातात तांबडी पेन्सिल. आरोग्य केंद्र — काट! नाट्यमंडळ — काट! समुपदेशन केंद्र — तिथं पेन्सिल इतकी दाबली, की कागद फाटला.

गिरिजाबाई म्हणाल्या, "अहो, तेवढं तरी राहू द्या."

"तिथं नोंद होते. उद्या स्थळ आलं, कुणी विचारलं, मुलगी कसल्या केंद्रात जात होती, तर काय सांगशील? शिकायला चालली आहे ती."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी लेकीला देव्हाऱ्यासमोर बसवलं. ताम्हनात बेलाचं पान, त्यावर चिमूटभर भंडारा, म्हणजे खंडोबाची हळद. ज्यांच्या घरी मल्हारी आहे त्यांना सांगायला नको. बेलभंडारा हाती घेऊन दिलेला शब्द देवाच्या पदरात पडतो. तो मोडायचा नसतो.

"उचल, आणि म्हण — पूर्वेस वर्ग, पश्चिमेस ग्रंथालय, दक्षिणेस खानावळ, उत्तरेस माझी खोली. या चतुःसीमेबाहेरचं दार मी ओलांडणार नाही."

हेमांगी हसली. "बाबा, मी काय सातबारा आहे?"

"उचल."

"आणि आजारी पडले तर?"

"घरी ये."

"घरी येण्याइतकंही बळ उरलं नाही तर?"

"अगं, भरल्या घरात काय बोलतेस!" गिरिजाबाई ओरडल्या.

पोरीनं बेलभंडारा उचलला. तळहात पिवळा झाला. बघा मंडळी, तिनं प्रश्न विचारला होता. खरा प्रश्न! आणि तो त्या घरात कुणाच्या कानावर पडलाच नाही.

दिवस गेले. रोज संध्याकाळी सात वाजता गिरिजाबाई फोन लावायच्या. तीन प्रश्न. जेवलीस का? अभ्यास झाला का? झोप लागते का? तीन उत्तरं. हो आई, जेवले. हो, झाला. हो, लागते. घरात समाधान! श्रावण गेला, दिवाळी गेली. दिवाळीला ती चार दिवस आली होती. भिंतीला टेकून बसायची. विचारलं की उत्तर द्यायची. कुणाला काही वावगं दिसलं नाही, कारण उत्तरं बरोबर होती.

मग आली माघातली ती संध्याकाळ. उजेड अजून पुरता गेला नव्हता, पण भिंतींना स्वतःच्याच सावल्या परक्या वाटाव्यात, अशी ती वेळ. गिरिजाबाईंनी फोन लावला, आवाज मोठा केला, आणि इकडे शेगडीवर दूध वर आलं! फोन ओट्यावर ठेवला, सांडशीनं पातेलं उतरवलं. तोंडातून एक अक्षर काढलेलं नाही. आणि ओट्यावरून आवाज आला —

"हो आई, जेवले."

थोडी शांतता.

"हो, झाला."

शांतता.

"हो, लागते. बरं, ठेवते."

सांडशी हातातच राहिली, मंडळी! दूध उतरलं, पण त्या बाईच्या अंगावरचा काटा उतरेना. त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी पदर तोंडात धरून बसल्या. तीच उत्तरं, तोच क्रम! मार्तंडरावांना हाक मारली. ते म्हणाले, नेटवर्कचा दोष असेल. आपल्याकडे भुतं गेली आणि नेटवर्क आलं, सगळा दोष त्याच्या माथी! पण माणूस मोजणीतला. त्यांनी तिसऱ्यांदा स्वतः फोन लावला, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं, आणि गप्प राहिले. दोन उत्तरांमध्ये चार सेकंद. पुन्हा चार सेकंद. गिरिजाबाईंना एक प्रश्न विचारायला लागायचे, बरोबर तितके!

आईसाठी जागा सोडली होती हो तिनं. आई त्या जागेत असली काय, नसली काय!

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मार्तंडराव निघाले. अकराच्या सुमाराला विद्यापीठाच्या फाटकात उतरले. दुतर्फा शिरीषाची झाडं, पानं गळालेली. फांद्यांवर वाळक्या शेंगा, आणि वारा आला की सगळं आकाश खुळखुळायचं.

ते आपल्याच चतुःसीमेवर निघाले. पूर्वेस — वर्ग. दुराफे मॅडम म्हणून मार्गदर्शक शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, "हेमांगी? एक दिवस चुकलेली नाही. पण तिनं सहामाहीचे पेपर कोरे दिले. वेळ संपेपर्यंत बसली, आणि नुसतं नाव लिहून दिलं." पश्चिमेस — ग्रंथालय. तिथल्या शिपायानं खिडकीजवळची खुर्ची दाखवली. "रोज तीच खुर्ची, तेच पुस्तक. पान काही उलटत नाही." दक्षिणेस — खानावळ. वाढपी म्हणाला, "ताट घेते. ताट परत ठेवते." उत्तरेस — खोली. वसतिगृहाच्या बाईंनी दार उघडून दिलं, म्हणाल्या, "रोज रात्री हजेरीला असते." अंथरूण असं घडी केलेलं, की त्यावर कुणी कधी झोपलंच नसावं.

चार ठिकाणी चार साक्षीदार, आणि चौघं म्हणतात, मुलगी हजर आहे! मग मुलगी कुठं आहे?

मार्तंडराव मधल्या हिरवळीपाशी आले, आणि पाय जागीच रुतले. गवतात एक पायवाट होती. एकाच माणसाच्या पावलांची. हिरवळीच्या चारी बाजूंनी सरळ, आणि कोपरे — कोपरे काटकोनात! असं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. ते ओळखायला त्यांना साखळी लागली नाही.

माळी वाफ्यात पाणी सोडत होता. म्हणाला, "तिथं गवत धरत नाही साहेब. एक पोरगी फिरते. वर्ग सुटला की फिरते, जेवणाच्या सुट्टीत फिरते. ती बघा."

आली. कोपऱ्यावरून वळली आणि समोरून चालत आली. तीच हेमांगी, तीच वेणी. नजर मात्र पायांपुढच्या दोन हातांवर.

"हेमा!"

तिनं मान वर केली नाही. चालता चालता म्हणाली, "हो बाबा, जेवले."

आणि बापाच्या शेजारून पुढे गेली!

मार्तंडराव मागून चालू लागले. पायवाटेच्या एका बाजूला एक बसकी इमारत होती, दाराला निळा पडदा. त्या दारासमोर ती थांबली. हात किंचित वर गेला, तिथंच थांबला, मग खाली आला, आणि ती पुन्हा चालू लागली.

माळी म्हणाला, "रोज थांबते. देशमाने मॅडम तिच्यासाठी दार सताड उघडं ठेवतात. एकदा मीच म्हटलं, जा की आत, बाई फार चांगल्या आहेत. तर मला म्हणाली, काका, ते माझ्या हद्दीत नाही."

मंडळी, पाटी वाचायला नको. ते समुपदेशन केंद्र होतं.

मार्तंडराव पडदा सारून आत शिरले. देशमाने मॅडम पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या.

"तिला आत घ्या! हात धरून घ्या!"

"तसं घेता येत नाही. तिच्या पायांनी यावं लागतं."

"काय झालंय तिला?"

"माझ्याशी ती बोललेलीच नाही. आणि उद्या बोलली, तरी तिच्या परवानगीशिवाय ते तुम्हाला सांगणार नाही. जिवाला धोका दिसला, तरच बोलवीन."

"मी बाप आहे तिचा!"

"म्हणून तर बाहेर बाकावर बसा म्हणते. पाणी देऊ?"

"नोंद कुठं जाते?"

"या कपाटात. किल्ली माझ्याकडे. आणि बिडवेसाहेब, पेपर कोरे गेले म्हणून वर्ष बुडत नाही. काही विषय पुढे ढकलता येतात, डॉक्टर आहेत, दुराफे मॅडम आहेत. एवढी माणसं इथं कशासाठी बसली आहेत, असं वाटतं तुम्हाला?"

मार्तंडराव बाहेर आले. कोपऱ्यावरून लेक पुन्हा येत होती. ते पायवाटेच्या मधोमध उभे राहिले. ती थांबली. भिंतीसमोर थांबावं तशी.

कोटाच्या आतल्या खिशात भंडाऱ्याची लहान पिशवी असायची. ती काढली, तळहातावर हळद ओतली. बेल कुठून आणणार? नुसती हळदच. पिवळी भुकटी वाऱ्यावर उडत होती, आणि तीस वर्षांत जे वाक्य कुणा शेतकऱ्यापुढे उच्चारलं नव्हतं, ते वाक्य त्या माणसाच्या ओठांवर आलं —

"मोजणी चुकली, बाळ. माझी मोजणी चुकली. तुझा शब्द मी तुला माघारी देतो. देवाचा दोष लागला तर तो मला लागू दे. आता माझा शब्द ऐक. त्या पडद्याआड तू काय बोलशील, ते मी विचारणार नाही. आज नाही, तुझ्या लग्नात नाही, मरताना नाही."

ती किती वेळ उभी होती, ते मार्तंडरावांनी मोजलं नाही. शेंगा खुळखुळल्या. मग तिनं बापाच्या हाताकडे पाहिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती कशाकडे तरी पाहत होती. डावीकडे वळली. पडदा हलला आणि स्थिर झाला.

मार्तंडराव बाहेरच्या बाकावर बसले.

आता हा बाक, मंडळी, मी तुमच्यासमोर ठेवतो. आत लेकरू आहे, मध्ये एक पातळ पडदा आहे, आणि तुम्हाला काही कळत नाही. आवाज येतो, शब्द लागत नाहीत. मध्येच कुणीतरी रडतं, मध्येच काहीच नाही. उठावंसं वाटतं. कान लावावासा वाटतो. तुमच्यापैकी कितीजण बसतील तिथं? फाटकाची वेळ विचारणं सोपं आहे! मार्काची यादी मागणं सोपं आहे! आमच्या घरी असलं काही नसतं, असं म्हणणं तर सगळ्यांत सोपं! पण ज्या घरातून या वर्षी एखादी बॅग विद्यापीठाकडे गेली आहे, त्या घरातल्या माणसांनी मनाशी पाहावं — आपण त्या बॅगेत काय काय घातलं, आणि कोणती दारं मोकळी ठेवली? तुम्ही बेलभंडारा उचलायला लावला नसेल. पण "आपल्याकडे असलं चालत नाही" हे वाक्य तरी उच्चारलं असेलच की! त्या वाक्यालाही कोपरे असतात. लेकरू त्या कोपऱ्यांवरून वळत राहतं, आणि आपल्याला रोज बरोबर उत्तरं मिळत राहतात.

मार्तंडराव बसले. तास गेला, त्याच्यावरही थोडा वेळ गेला. उन्हं इमारतीमागे उतरली. त्या बाकावर त्यांना दोनदा वाटलं, की आत कुणीच नाही. निळ्या पडद्यामागे नुसती भिंत आहे.

मग पडदा सरकला. हेमांगी बाहेर आली. डोळे सुजलेले, केस कपाळाला चिकटलेले. मार्तंडराव उभे राहिले. मनात आलेले सगळे प्रश्न एकेक करून गिळले, आणि जो एकच उरला, ज्याचं उत्तर त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं, तो विचारला —

"घरी येतेस माझ्याबरोबर? की इथंच राहतेस?"

तिनं बापाकडे एकदा नीट पाहिलं, आणि ती काटकोनी पायवाट सोडून शिरीषांच्या रस्त्यानं चालू लागली. कुठं, ते मार्तंडरावांना माहीत नव्हतं.

त्यांनी हाक मारली नाही.