ओपोसम आणि कुसळ

(उचगाव. सुविधा निपाणीहून आईच्या घरी आत्ताच आलीय. चप्पल अजून पायातच.)

सुविधा : माईकवर? सगळ्या शाळेसमोर आईची लाज काढलीस व्हय गं, समता?

समता : तुझं नाव कुठं घेतलं, मम्मी? विज्ञान प्रदर्शन होतं. एक परदेशी प्राणी आणि आपल्या रानातलं एक गवत, दोघांची तुलना करायची होती.

सुविधा : मग जिराफ घ्यायचा की! शेजारच्या नागुबाईनं फोन करून सांगितलं मला. तुझी लेक म्हणाली, अमेरिकेतली ओपोसम पिल्लं पाठीवर घेऊन फिरते, आणि आपलं कुसळ पोरं दुसऱ्याच्या लुगड्याला चिकटवून मोकळं होतं. आता कुसळ कोण, हे गावाला कळत न्हाय व्हय?

बायडाबाई : अगं, पाणी तरी पी. मी बसलोतो की पुढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुविधा : वाजवणारच! त्यांचं काय जातंय? आये, दवाखान्यात रात्रपाळी करून जीव जातो माझा. हिला खोलीत कोंडून, बाहेरनं कुलूप लावून जाऊ? हौस म्हणून ठेवलीय हितं?

बायडाबाई : तसं कोण म्हणतंय? पर दर सुट्टीला म्हणतीस, आता नेतो. पोर आपली पिशवी भरून बसती. मग परत कपडे फळीवर मलाच ठेवाय लागत्यात.

सुविधा : व्हय, तू बी तिच्याच बाजूची!

समता : नागुमावशीनं अर्धंच सांगितलं तुला.

सुविधा : अजून हाय व्हय? सांग, सांग. उरलीसुरली बी काढ.

समता : बाईंनी विचारलं, यातली चांगली आई कुठली? सगळी पोरं ओरडली, ओपोसम. मला लई राग आला.

सुविधा : तुला कशाचा राग?

समता : म्हटलं, कुसळाला नावं ठेवू नका. त्याच्या बुडाशी पोरांना जागाच नसते, म्हणून लांब धाडतं ते. बरोबर जावंसं त्याला वाटत नसेल? पण जाणार कसं? गवताला पाय कुठं असतात?

बायडाबाई : ऐकलंस? आता तरी चप्पल काढ. बस.

सुविधा : बसत न्हाय. समता, पिशवी भर.

समता : आणि रात्रपाळी?

सुविधा : दवाखान्यातल्यांशी मी भांडीन. मला पाय हायत की गं.