बुजवलेला खड्डा

माझं माहेर तांडापेठेतलं, कोष्ट्यांचं. घर म्हणजे पुढची एक मोठी खोली आणि तिच्यात हातमाग. आमच्या मागाला जमिनीत खड्डा असे, विणणारा काठावर बसे आणि पाय खाली सोडून पावड्या दाबी. बाबा तिथं बसत आणि माय समोर भिंतीशी चरख्यावर कांड्या भरी, म्हणजे ताण्यातून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायचं सूत गुंडाळून ठेवी. कांडी संपत आली की बाबा मान वर न करता म्हणत, भरली काय वं, आणि माय म्हणे, भरली जी. दिवसभरात त्यांचं बोलणं एवढंच, पण ते कधी थांबलं नाही. त्याच खोलीत मी पाटी गिरवली आणि पुढे प्राथमिक शाळेत बाई झाले.

आता क्रमानं सांगते. बाबांचे गुडघे गेले, हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा माझ्या दोन्ही भावांनी ठरवलं की म्हाताऱ्यांनी आता आराम करावा. थोरल्यानं माग मोडला, खड्डा मुरुमानं बुजवला, वर फरशी बसवली आणि तिथंच बाबांसाठी नवी खाट टाकली. धाकट्यानं शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनीषनगरात घर बांधलं होतं, त्याची बायको नोकरीवाली, लेकरू लहान, म्हणून मायला तो घेऊन गेला. वाईट कोणीच वागलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. गल्लीतले लोक म्हणत, पोरं चांगली निघाली.

काय सांगू तुम्हाला, बाबा बोलेनासे झाले. ताट अर्धं राही. सकाळी खाटेवरून उतरून फरशीवर बसत, पाय लांब करत, पुन्हा जवळ घेत. पाय कुठं ठेवावेत हेच त्यांना कळेना. थोरला म्हणे, बाबा, मग खाट कायले घेतली, वर बसा ना. शेजारीण म्हणाली, बुढ्याले बुढीची याद येऊन राहिली, आणि सगळे हसले, मीही हसले.

शेवटी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, बाई, हे नुसतं म्हातारपण नव्हे, मनाचा आजार आहे. औषध देतो, पण यांच्या बायकोला जवळ आणा. मी बाबांना म्हटलं, माझ्या घरी चला, मायलाही आणते. त्यावर मात्र ते बोलले, पोरीच्या घरी राहू काय? लोक माह्या पोरांच्या तोंडावर थुंकतील.

मग मायला मी आठ दिवसांसाठी मागून आणलं. मागून, हाच शब्द बरोबर आहे. ती दारातच थांबली, फरशीकडे पाहत थोरल्याला म्हणाली, हे काहून बुजवलं गा? तो म्हणाला, माय, कोणी पडलं असतं ना त्याच्यात. माय म्हणाली, ते जन्मभर त्याच्यातच तर बसले, पडले काय?

ती भिंतीशी आपल्या जागेवर बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी खाटेवरून विचारलं, भरली काय वं. चरखा नव्हता, सूत नव्हतं. माय म्हणाली, भरली जी. त्या आठवड्यात बाबा पोटभर जेवले, दाढी करून घेतली.

रविवारी धाकटा स्कूटर घेऊन आला. चाल माय, उद्यापासून हिची ड्युटी आहे, लेकराले कोण पाहील? मी म्हटलं, बाबांनाही ने. तो म्हणाला, ताई, तू समजून नाही राहिली, दोन खोल्या आहेत, अन् दादा म्हणेल, बाप माह्यापासून हिसकावला. थोरला आतून म्हणाला, बाप थोरल्याकडेच राहाते. माय मागच्या सीटवर बसली.

बाबा तो हिवाळा काढू शकले नाहीत. आजार काही निघाला नाही. जेवण सुटलं, एवढंच.

आता माय माझ्याकडे असते. म्हणाली, ज्याले थुंकायचं त्यानं थुंकावं. दुपारी ती भिंतीशी बसते आणि कोणी विचारलेलं नसताना म्हणते, भरली जी. पहिल्यांदा मी शाळेतल्या सवयीनं दुरुस्त केलं, माय, कोणी विचारलं नाही. ती दोन दिवस बोलली नाही. तेव्हापासून दुपार झाली की मी हातातलं काम बाजूला ठेवते, आणि तिच्या आधी मीच विचारते, भरली काय वं.