अडखळणारा दवंडीवाला

पेमारे सर : थांब, कमलेश. पुन्हा चुकलास.

कमलेश : क-क-काय चुकलं, सर?

पेमारे सर : अडखळला नाहीस.

समीक्षा : पण सर, किती बेस बोलला तो! "ऐका हो ऐका, सांजच्याला चावडीवर सभा हाय हो!" एका दमात!

पेमारे सर : समीक्षा, तू पाटलीण आहेस. कळशी घे आणि विंगेत उभी राहा. हे बघ कमलेश, नाटकातला दवंडीवाला तोतरा आहे. त्याची दवंडी पुरी होईपर्यंत सभा उठते, सगळा विनोद तिथेच आहे. मी लिहिलाय, मला माहीत आहे. आणि तू घडाघडा बोलून मोकळा! सभेला सगळे वेळेवर पोचले तर दुसरा प्रवेश कुठून आणू?

कमलेश : ड-ड-डफडं वाजवलं की न-नाय अडकत, सर. आ-आपोआप.

पेमारे सर : आपोआप! अरे, तुला ही भूमिका दिली ती काय तुझं रूप बघून? बाकीच्यांना तोतरं शिकवण्यात महिना गेला असता. तू तुझ्या गावाहून, कोंडाण्याहून, तयार होऊनच आलास.

समीक्षा : सर, आमी त्याच्या शेजारीच राहतो ना. रोज सांजचं डफडं वाजतं त्याच्या घरी. त्याची आय भाकरी टाकायची थांबते नि दारात येऊन ऐकत राहते. कदी आख्खं वाक्य ऐकलंच नव्हतं तिनं त्याच्या तोंडून. शनिवारी संमेलनाला कळंबच्या मावशीला पण आणणार हाय ती.

पेमारे सर : आणू दे की. हसायला माणसं लागतातच.

कमलेश : स-सर, मी स-स-सरळच बोललो तर...

पेमारे सर : तर भूमिका स्वराजला. पाचवीपासून तुझी नक्कल करतोय तो. अभ्यास पक्का आहे त्याचा.

कमलेश : न-नको, सर. स्व-स्वराजला नको.

पेमारे सर : मग दे ते डफडं इकडे. समीक्षा, कपाटात ठेव.

समीक्षा : दवंडीवाला नि डफड्याबिगर?

पेमारे सर : चोरीला गेलंय असं लिहितो. लेखक कोण आहे? हं, कमलेश, आता भूमिकेत शिरायचं. डोळे मिट. शाळेतला तुझा पहिला दिवस. मी हजेरी घेतोय. तुला नुसतं 'हजर' म्हणायचंय. किती वेळ ताटकळलो होतो रे आम्ही? मागच्या बाकावरून काय ओरडले होते?

(कमलेश डोळे मिटतो.)

पेमारे सर : सांग, सांग. लाजायचं नाही. कला आहे ही.

कमलेश : ग-ग-गाडी च-चालू होत नाय... ध-ध-धक्का मारा.

पेमारे सर : शाब्बास. मीपण हसलो होतो. माझा चेहरा आठव. आठवला? आता डोळे उघड आणि दवंडी म्हण.

कमलेश : ऐ-ऐ-ऐ... ऐका ह-हो... स-सांज... च-च-चाव... चाव...

पेमारे सर : वा! हेच! बघितलंस समीक्षा, कसं आतून आलं? आता डफडं परत दिलं तरी हे जायचं नाही.

समीक्षा : सर, तो रडतोय.

पेमारे सर : तेवढं शनिवारी नको. विनोदी नाटक आहे. आणि कमलेश, तुझ्या आईला पहिल्या रांगेत बसवू, पाहुण्यांच्या शेजारी. लोक लेकाला कसे हसतात, ते जवळून ऐकू दे तिला.

कमलेश : त-ती नाय ये-येणार. त-त-तिला ऐ-ऐ-ऐकू येत नाय.

पेमारे सर : असं? समीक्षा, तू तर आत्ता म्हणालीस...

समीक्षा : नाय, सर. बहिरीच हाय ती.