घसा कुणाच्या मापाचा

मुलगी : ...आणि तुम्ही दोघं बोलत नाही म्हणून निरोप पोचवायचं काम माझ्याकडे. चार दिवस झाले, बाबा. आज बारा वाजता माझी निवड चाचणी आहे आणि रायफल अजून मिस्त्रीकाकांच्या दुकानात पडलीय.

वडील : बारा वाजता. माहीत आहे मला. या खोलीत सव्वीस घड्याळं आहेत.

मुलगी : त्यातली चालू किती?

वडील : चालू घड्याळ दुरुस्तीला कोण आणून देतं? विषय बदलू नकोस.

मुलगी : बदलताय तुम्ही. मिस्त्रीकाकांना, तुमच्या होणाऱ्या व्याह्यांना, एक फोन केला तर काय बिघडेल?

वडील : मी का करू? रायफलची नळी त्यांनी कापली.

मुलगी : मीच सांगितलं कापायला. मागच्या बाजूने ती जळून खडबडीत झाली होती, नेम फाकत होता. त्यांनी तेवढा तुकडा काढून टाकला आणि काडतूस बसायचं नवं चेंबर कोरलं. काम सुरेख झालंय.

वडील : सुरेख. आणि घसा? चेंबर संपल्यावर गोळीला जरा मोकळी जागा लागते, मग नळीतल्या खाचांचा पीळ सुरू व्हायला हवा. ती जागा दीड मिलिमीटरने आखूड केली. कुणाला विचारून?

मुलगी : त्यांचं म्हणणं, आखूड घशाने नेम चांगला बसतो.

वडील : बसला ना शनिवारी सरावात. मी भरलेलं काडतूस घातलंस, मागचा बोल्ट दाबून बंद केलास, आणि परत काढायला गेलीस तेव्हा काय झालं?

मुलगी : तुम्ही शेजारीच उभे होतात की. गोळी पुढे पिळात रुतून बसली, नुसती मागची पितळी पुंगळी बाहेर आली आणि दारू सगळी बोल्टात सांडली. शेजारी नेम धरणाऱ्या बाई अर्धा तास खुसखुसत होत्या.

वडील : मला नाही हसू आलं. बोल्ट जड लागला की थांबायचं, हे तुला पहिल्या दिवशी शिकवलंय. तसंच झाडलं असतंस तर आत दाब किती वाढला असता, कल्पना आहे?

मुलगी : चुकलं माझं. शनिवारीही म्हटलं, आजही म्हणते. पण उपाय दोनच आहेत ना? तुम्ही गोळी जरा आत बसवायची, नाहीतर त्यांनी घसा जरा वाढवायचा. ते म्हणतात काडतूस बदला, तुम्ही म्हणता घसा बदला, आणि मधल्या मधे माझी चाचणी हातची जायची वेळ आलीय.

वडील : तो डबा उघड.

मुलगी : कुठला?

वडील : निळा. भिंगाच्या मागे.

मुलगी : पन्नास आहेत. बाबा, ही आखूड दिसतायत.

वडील : दीड मिलिमीटर. दारूही त्या बेताने कमी केलीय. काल दुकान बंद ठेवून तेच करत बसलो होतो.

मुलगी : तुम्ही? एकवीस वर्षं लांबीत केसभर फरक केला नाहीत.

वडील : कुणाला सांगायचं नाही. त्या माणसाला तर मुळीच नाही.

मुलगी : मग चार दिवस तोंड फुगवून का बसलात? दीड मिलिमीटरसाठी नक्कीच नाही. ओळखते मी तुम्हाला.

वडील : लग्नाचं ठरवायला आले तेव्हा ते काय म्हणाले, आठवतं?

मुलगी : तीन तास बोलत होते. त्यातलं कुठलं?

वडील : म्हणाले, लग्नानंतर सूनबाईंची काडतुसं आमच्याकडेच भरू. मोठं यंत्र आहे, हातासरशी दोनशे निघतात. सगळे हसले. मीही हसलो. मग ते गेल्यावर इथे येऊन बसलो.

मुलगी : बाबा.

वडील : तू त्या घरी जाणार, छान आहे. मुलगा चांगला आहे, मला आवडतो. पण आजवर तू झाडलेली एकेक गोळी माझ्या हातून गेलीय. तेवढंच एक माझ्याकडे होतं. तेही त्यांच्याकडे गेलं तर मी काय करायचं? वाईट वाटलं मला. झालं, सांगितलं.

मुलगी : हे तेव्हाच का नाही सांगितलंत?

वडील : यंत्रावर रुसलो म्हणून सांगू?

(जिन्यावर जड पावलं.)

मिस्त्री : आहेत का घड्याळजी? दार उघडंच होतं. सूनबाई, ही घ्या तुमची रायफल, आणि आधी पाणी द्या. हा जिना आहे की शिक्षा?

वडील : सूनबाई व्हायला अजून वीस दिवस आहेत.

मिस्त्री : एकोणीस. एवढी घड्याळं तुमच्याकडे आणि दिवस मोजायचे मी. बसू का? बसतोच. आता मला मधे तोडू नका, नाहीतर अवसान गळेल. मी घसा वाढवला.

मुलगी : काय केलंत?

मिस्त्री : वाढवला. सूनबाईंनी नमुन्याला दिलेलं तुमचं काडतूस समोर ठेवलं आणि सकाळी सहापासून हाताने, थोडं थोडं करत, बरोबर दीड मिलिमीटर. चाळीस वर्षांत केलेलं काम मी कधी फिरवलं नाही, विचारा बाजारात कुणालाही. आता बोला.

वडील : दीड? बरोबर दीड?

मिस्त्री : हो, केसभर इकडे नाही की तिकडे. गोड बातमी घेऊन आलो आणि तुमचे चेहरे असे का?

मुलगी : काका, हा डबा बघा.

मिस्त्री : बघतो की. काडतुसं आहेत. ही अशी बुटकी का? घड्याळजी, तुम्ही?

वडील : काल.

मिस्त्री : अरे देवा.

मुलगी : चार दिवस एक जण जागचा हलेना, आणि हललात ते दोघं एकदम. आता गोळी पिळापर्यंत पोचायला दीड मिलिमीटर जास्तीची उडी मारणार. नेम गेला माझा.

वडील : हसू नकोस. मिस्त्री, तुम्हीही. घसा पुन्हा आखूड होईल?

मिस्त्री : कापलेलं लोखंड परत चिकटवू कसं? त्याला पुन्हा नळी कापावी लागेल. तुमची गोळी मात्र बाहेर निघते.

वडील : म्हणजे माघार मीच घ्यायची.

मिस्त्री : माघार कसली? जिथे होतात तिथेच जायचंय, तुमच्या जुन्या लांबीवर. हरलो मी, झालं समाधान?

वडील : साडेनऊ. पोचायला अर्धा तास. पाच सरावाच्या, चाळीस चाचणीच्या. पंचेचाळीस गोळ्या काढायच्या, दारू नव्याने तोलायची, पुन्हा बसवायच्या. तुम्ही हातोडीवर. तराजू माझा.

मुलगी : आणि मी?

वडील : तू नुसतं बसायचंस. हात शांत ठेव.

मिस्त्री : द्या हातोडी. काडतूस तिच्या पोकळ डोक्यात, आपटली की गोळी सुटी. हा एक, हा दुसरा.

वडील : हळू. खिळा ठोकताय का?

मिस्त्री : फुंकर लागून तुमचा तराजू हलू नये म्हणून श्वास धरून ठोकतोय, आणि वर हे ऐकून घेतोय.

वडील : थांबा. आधी बिनदारूचं एक करून बघू. गोळीला काजळी लावलीय, पिळाला टेकली तर ओरखडा उठेल. पोरी, घाल. जोर लावायचा नाही.

मुलगी : एका बोटाने बंद झाला बोल्ट.

वडील : काढ. गोळी आली बरोबर?

मुलगी : आली. काजळीवर एक ओरखडासुद्धा नाही.

वडील : छान कापलाय घसा.

मिस्त्री : काय म्हणालात?

वडील : ऐकलंत तुम्ही.

मुलगी : काका, ते तुमचं दोनशेचं यंत्र...

वडील : तू गप्प बस.

मिस्त्री : बोलू दे तिला. बायकोनेही त्यावरूनच धारेवर धरलंय. म्हणते, तुम्ही यंत्राचं बोललात आणि त्या माणसाचा चहा तसाच राहिला, तुमच्या लक्षातही नाही आलं. नाहीच आलं. पण ते यंत्र आता निकामी. त्यात निघतात ती काडतुसं बाजारच्या लांबीची, आणि हा घसा तुमच्या मापाचा. दुसऱ्याचं काडतूस बसेल यात, पण नेम असा लागायचा नाही.

वडील : यंत्राची लांबी बदलता येते, मिस्त्री. एक स्क्रू फिरवला की झालं.

मिस्त्री : असेल. मला तो स्क्रू सापडत नाही.

वडील : एवढ्या मोठ्या यंत्रात?

मिस्त्री : शोधला. नाही सापडत.

वडील : ठोका, व्याही. अजून चाळीस राहिलीत.

मुलगी : म्हणजे लग्नानंतरही काडतुसांसाठी मला इथेच यावं लागणार. मग एकदम पाचशे भरून ठेवत जा बाबा, वर्षभर बघायला नको.

वडील : पन्नास मिळतील. संपली की यायचं.