दहा बोटं होईपर्यंत

आई : दोन बोटांचाच तर प्रश्न आहे, बाई. माझी लेक पाण्यावर उताणी तरंगत होती, तुमची आठ बोटं उघडलेली मी इथून बाकावरून मोजली. उरलेल्या दोन बोटांसाठी पुन्हा तीन महिने?

बाई : जरा सरक, मला टेकू दे. हे गुडघे पाण्यात असतात तोवर गुणी असतात, बाहेर आले की भांडायला लागतात. हं. आता बोल.

आई : चौथ्यांदा नापास झाली. नऊ वर्षांची घोडी, आणि पिवळ्या टोपीत तिच्याबरोबर कोण? दात पडलेली पोरं. तिच्या बरोबरीच्या सगळ्या हिरवी टोपी घालून मोठ्या तलावात गेल्यासुद्धा.

बाई : दात पडलेल्यांशी तिचं छान जमतं. आज एका नवख्या चिमुरडीला तोंड पाण्यात घालून बुडबुडे कसे काढायचे ते दाखवत होती. माझा पांढऱ्या टोपीचा, नवख्यांचा अर्धा वर्ग तीच घेते.

आई : चेष्टा नका करू. काल शाळेतून येताना मला विचारते, "आई, मी जड आहे का गं?"

बाई : असं विचारलं?

आई : हो. म्हणून म्हणते, आज देऊन टाका तिला हिरवी टोपी. मोठ्या तलावात गेली की जमेल आपोआप.

बाई : चाळीस वर्षं पोरांना पोहायला शिकवतेय, आपोआप जमलेलं एक पोर बघितलं नाही. दहाच का मोजते मी, ठाऊक आहे तुला?

आई : नियम आहे म्हणून.

बाई : नियम माझाच. हिरव्या टोपीत पाय टेकत नाहीत. मध्येच धाप लागली तर पोराने उताणं व्हायचं आणि गप पडून राहायचं. मी कठड्यावरून उडी टाकून त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर दहा मोजून होतात. आता या वयात अकरा होत असतील, पण ते तू बाहेर बोलू नकोस.

आई : आणि समजा पोर आठालाच खाली जायला लागलं...

बाई : तर उरलेली दोन बोटं ते पाण्याखाली. एवढंच.

आई : मला नव्हतं हो एवढं पिडलंत. मी पहिल्या फटक्यात पास झाले होते. याच जागी बाबा बसले होते. ती हिरवी टोपी अजून ठेवलीय मी. रबर चिकट झालंय, तरी फेकवत नाही. लेकीला तर येता-जाता सांगते, तुझी आई एका दमात दहा तरंगली.

बाई : सांगतेस तिला?

आई : सांगते की. का?

बाई : तुला मी खेकडी म्हणायचे, आठवतं?

आई : विसरेन कशी? कठडा सोडायची नाही म्हणून. चारचौघांत म्हणायचात!

बाई : त्या दिवशी तुझे ओठ जांभळे पडले होते. उताणी झालीस, कान पाण्यात. कान पाण्यात गेले की माझा आवाज पोचत नाही, म्हणून तर बोटं दाखवून मोजते मी. तू नुसती माझ्या हाताकडे बघत होतीस, वासरू बघतं तशी. चौथं बोट उघडलं आणि तुझी कंबर खाली जायला लागली.

आई : मग?

बाई : मग मी पुढची बोटं भराभर उघडली. माझी दहा बोटं झाली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा सेकंद झाले होते, बाळ. जेमतेम सहा.

आई : बाबांना माहीत होतं?

बाई : ते टाळ्या वाजवत होते. कुणालाच माहीत नव्हतं. आज तुला सांगितलं तेवढंच.

आई : थांबा. जरा थांबा, बाई.

बाई : थांबलेच आहे.

आई : त्यानंतर महिन्याभरात बाबांची बदली झाली. मोठ्या तलावात मी दोनदा उतरले असेन नसेन. पण टोपी होती ना! विशीत आम्ही मैत्रिणी होडीतून तळ्यात गेलो होतो. मी म्हटलं, मला येतं पोहता, आणि मारली उडी. चार हात मारले नाहीत तोच धाप लागली. उताणी झाले, तुम्ही शिकवलं होतं तशी. मनात मोजायला लागले. सातला नाकातोंडात पाणी. नावाड्याने केसांना धरून वर ओढली.

बाई : अगं...

आई : घरी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तो म्हणतो, एकदा आलेलं पोहणं माणूस विसरत नाही. मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. आलेलंसुद्धा हातात राहत नाही माझ्या.

बाई : तू काही विसरली नव्हतीस. तुला आलंच नव्हतं तेव्हा. चूक माझी.

आई : का केलंत पण?

बाई : कळवळा आला. नवी होते. प्रत्येक पोराने हसत घरी जावं असं वाटायचं. तुझ्यानंतर आणखी दोघांना तसंच पुढे ढकललं. त्यातल्या एकाला मोठ्या तलावाच्या तळाशी जाऊन काढावं लागलं, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाचला तो. तेव्हापासून बोट उघडते ते घड्याळाचा काटा बघून. पोरं रडतात, आया भांडतात.

आई : मी भांडत नव्हते.

बाई : छे गं. नुसतं हळूच माझं मन वळवत होतीस.

आई : मला तुमचा राग यायला हवा, बाई.

बाई : येऊ दे की. पुढचा वर्ग सुरू व्हायला अवकाश आहे.

आई : येतोय, थोडाथोडा. पण हलकंही वाटतंय, त्याचं काय करू?

बाई : ती आली बघ. तिला तू सांगतेस की मी सांगू?

आई : मीच सांगते.

(मुलगी केस पुसत येते.)

मुलगी : हिरवी?

आई : नाही गं. पिवळीच. आठ झाले.

मुलगी : खरे आठ?

बाई : काट्यावरचे आठ.

मुलगी : मागच्या वेळी सहासुद्धा नव्हते. बाई, ती चिमुरडी आहे ना, ती बुडबुडे काढायचे सोडून पाणी पिते. उद्या परत घेते मी तिला.

बाई : घे बाई. माझ्या गुडघ्यांना तेवढाच आराम.

मुलगी : आई, तू रडलीस?

आई : पाणी उडालं तोंडावर.

मुलगी : इथे? बाकावर?

आई : बरं, रडले थोडी. ऐक. मी तुला सांगते ना नेहमी, मी एका दमात दहा...

मुलगी : तरंगलीस. शंभरदा सांगितलंयस.

आई : दहा नव्हते ते. सहाच होते.

मुलगी : मग टोपी कशी मिळाली?

बाई : मी मोजायला चुकले होते. मुद्दाम.

मुलगी : अय्या! म्हणजे आई, तुझे अजून चार राहिलेत.

आई : राहिलेत खरे.

मुलगी : माझे दोनच.